१० टक्के मेंदू आणि हुंगवलेली चप्पल

माणूस आपल्या मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो. रोज ८ ग्लास पाणी प्यायलाच हवे. पालकात लोहाचा खजिना असतो. चीनची भिंत चंद्रावरून दिसते. गिरगावातल्या चाळीच्या गणेशोत्सवातली प्रश्नमंजूषा असो, दादरच्या क्लासबाहेर लावलेला ‘तुम्हाला माहीत आहे का?’ असा फळा असो, की सकाळी सहा वाजता कुटुंबाच्या ग्रुपवर येऊन पडणारा संदेश असो, ही वाक्ये कुठे ना कुठे भेटतातच. ती इतकी ओळखीची झाली आहेत की कोणी ती सांगायला लागले की समोरचा उरलेले वाक्य स्वतःच पूर्ण करतो.

मात्र ही चारही वाक्ये चुकीची आहेत किंवा अर्धीच खरी आहेत. चीनच्या भिंतीबाबत चूक झाली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. त्याच्या कितीतरी अलीकडून, पृथ्वीभोवती फिरून आलेले चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनीही २००३ मध्ये परतल्यावर आपल्याला भिंत दिसली नाही असेच सांगितले. प्रश्नमंजूषेतला एक गुण गेला, एवढेच नुकसान. पण याच वाटेने, याच वेगाने आणि याच खात्रीने आरोग्याविषयीची वाक्येही घराघरांत पोहोचतात. तिथली चूक मात्र महागात पडू शकते.

अर्धवट सत्याची किंमत

मेंदूचेच पाहू. त्याचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. पण विश्रांतीच्या अवस्थेतही शरीर खर्च करते त्यातली सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. ९० टक्के भाग नुसता पडून असता, तर एवढा खर्चिक अवयव उत्क्रांतीत टिकलाच नसता. मेंदूचे काम टिपणाऱ्या चाचण्यांतही कायमचा बंद पडलेला असा मोठा कोपरा सापडत नाही. एका क्षणी सगळा मेंदू सारख्याच जोराने काम करत नाही, हे खरे. पण दिवसभरात जवळजवळ सगळे भाग कामाला येतात. पक्षाघाताने सुपारीएवढा भाग निकामी झाला तरी माणसाची वाचा जाऊ शकते किंवा हात लुळा पडू शकतो. ‘वापरात नसलेल्या’ ९० टक्क्यांत आघात झाला म्हणून बचावला, असा रुग्ण डॉक्टरांना भेटत नाही.

तरीही या १० टक्क्यांवर धंदा उभा राहतो. ‘मुलाच्या मेंदूची झोपलेली शक्ती जागी करा’ असे सांगणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग पालकांकडून मोठी फी घेतात आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलांकडून वाचून घेतात. नाकाजवळच्या फटीतून दिसणार नाही अशी पट्टी नीट बांधली की हे वाचन थांबते.

८ ग्लास पाण्याचे मूळ बहुधा १९४५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने केलेल्या एका शिफारशीत शोधले जाते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते, असे तिथे म्हटले होते. त्याच्या पुढच्याच वाक्यात, यातले बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते, असेही होते. आकडा जगभर गेला, पुढचे वाक्य मागे राहिले. भात, आमटी, ताक, फळे, चहा या सगळ्यांतून पाणी मिळतच असते. निरोगी माणसाला तहान हा बऱ्यापैकी विश्वासू मार्गदर्शक असतो. मे महिन्याच्या उकाड्यात लालबागच्या बाजारात हमाली करणाऱ्याला ८ ग्लास पुरणार नाहीत. मूतखडा होऊन गेलेल्याला जास्त पाणी प्या असेच सांगितले जाते. उलट हृदय कमकुवत झालेल्या किंवा मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या रुग्णाला डॉक्टर पाणी मोजून देतात. अशा रुग्णाने ग्रुपवरचा संदेश वाचून पाणी वाढवले, तर पायांवर सूज येते, धाप लागते आणि प्रकरण रुग्णालयात भरती होण्यापर्यंत जाऊ शकते.

पालकाची गोष्ट आणखी मजेशीर आहे. पालकात लोह असते, पण खजिना म्हणावा असे नाही. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ते साधारण अडीच ते तीन मिलिग्रॅम असते. त्यातही ऑक्सॅलेट व पॉलिफेनॉल यांसारख्या घटकांमुळे शरीरात थोडेच शोषले जाते. हे ज्यांना माहीत असते ते लगेच पुढची गोष्ट सांगतात, की एकोणिसाव्या शतकात एका जर्मन रसायनतज्ज्ञाकडून दशांशचिन्ह चुकले, लोह दहापट दिसले आणि म्हणून पालक प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधले गुन्हेगारीशास्त्राचे अभ्यासक माइक सटन यांनी २०१० मध्ये या गोष्टीचा माग काढला. दशांशचिन्ह असे चुकल्याचा पुरावाच त्यांना मिळाला नाही. गैरसमज दूर करणारी गोष्टही ऐकीवच निघाली.

इथेही प्रश्न गमतीपुरता राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ‘पालक खातेय ना रोज’ या समाधानात लोहाच्या गोळ्या बाजूला पडल्या, तर हिमोग्लोबिन वाढत नाही. पालक जरूर खावा, त्यावर लिंबू पिळावे, जेवणाला लागून चहा घेऊ नये. पण रक्तक्षयावरच्या औषधाची जागा भाजी घेऊ शकत नाही.

ओळखीचे ते खरे

शिकलेली, विचार करणारी माणसेही अशा वाक्यांवर विश्वास का ठेवतात? याचे एक उत्तर मानसशास्त्राला १९७७ मध्ये सापडले. अमेरिकेतील लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टॉपिनो या संशोधकांनी विद्यार्थ्यांना सामान्यज्ञानाची ६० विधाने दिली आणि प्रत्येक विधान किती खरे वाटते ते सांगायला लावले. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने असे तीनदा झाले. काही विधाने तिन्ही वेळा तीच होती, बाकीची नवी होती. पुन्हा पुन्हा आलेली विधाने दर फेरीला अधिक खरी वाटू लागली. त्यात खोटी विधानेही होती. मधल्या काळात कोणी पुरावा दिला नव्हता, काही समजावून सांगितले नव्हते. विधान फक्त ओळखीचे झाले होते.

याचे कारण साधे आहे. पूर्वी ऐकलेले वाक्य समजून घ्यायला मेंदूला कमी श्रम पडतात. ही सहजता म्हणजेच खरेपणा, अशी मेंदूची गल्लत होते. रोजच्या व्यवहारात ही सवय बरीचशी उपयोगीही असते. कारण बहुतेक वेळा चारचौघांकडून ऐकलेली गोष्ट खरीच निघते.

आपल्याला विषयाची माहिती असेल तर आपण फसणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. २०१५ मध्ये लिसा फॅझिओ आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले. त्यांच्या विधानांपैकी एकाचा आशय असा होता, की स्कॉटलंडचे पुरुष नेसतात त्या चुण्यांच्या आखूड वस्त्राला साडी म्हणतात. दादरच्या साडीच्या दुकानांवरून रोज जाणाऱ्याला हे वाचून हसूच येईल. पण ज्यांना योग्य उत्तर ठाऊक होते अशांनाही, असे विधान दुसऱ्यांदा समोर आल्यावर ते थोडे अधिक खरे वाटले. ज्ञान होते, पण ते त्या क्षणी वापरले गेले नाही.

२००५ मधल्या आणखी एका अभ्यासात वयस्क व्यक्तींना आरोग्याविषयीची काही विधाने ‘हे खोटे आहे’ असे बजावून अनेकदा सांगण्यात आली. तेवढ्यापुरते ते लक्षात राहिले. तीन दिवसांनी मात्र ‘खोटे’ हा शिक्का विसरला गेला, विधान तेवढे लक्षात राहिले आणि अनेकांना ते खरे वाटू लागले. घरातल्या आजी-आजोबांना ‘असं काही नसतं हो’ असे दहा वेळा सांगूनही फरक पडत नाही, त्यामागे केवळ हट्ट नसतो. चुकीचे वाक्य पुन्हा उच्चारण्यापेक्षा योग्य काय ते थेट सांगणे अधिक उपयोगी पडते.

परळने शिकवलेला धडा

सगळ्यांना ‘माहीत असलेली’ गोष्ट तपासून पाहायची म्हणजे काय करायचे, याचे मोठे उदाहरण मुंबईतच, परळला घडले आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले आणि शहर हादरले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. तरी तो पसरतो कसा, याबद्दल बहुतेक अधिकाऱ्यांचे मत ठरलेले होते. दूषित हवा, तुंबलेली गटारे, अंधाऱ्या कोंदट खोल्या ही त्यांच्या लेखी कारणे होती. म्हणून गटारे धुतली गेली, घरांवर जंतुनाशक मारले गेले, छपरे उघडली गेली, रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना जबरदस्तीने हलवले गेले. याच समजुतीतून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राची हवा दाट वस्तीत यावी म्हणून गिरगावजवळची प्रिन्सेस स्ट्रीट काढली गेली, आणि दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते व मोकळे भूखंड आखले गेले. कारण चुकीचे असले तरी रस्ते उपयोगाचे ठरले. प्लेग मात्र त्याने थांबला नाही.

त्याच काळात चाळींतल्या माणसांनी एक गोष्ट हेरली होती. घरात उंदीर मरून पडू लागले की प्लेग येतो. ‘उंदीर पडला’ म्हणताच लोक घर सोडत. हे निरीक्षण अचूक होते. म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले सगळेच चुकीचे, असे नाही. आणि अधिकाराच्या जागेवरून सांगितलेले सगळेच बरोबर, असेही नाही. दोन्ही तपासावे लागते.

फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगावरून उंदरावरच्या पिसवा रोग पसरवतात असे मांडले. त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत काम सुरू केले. प्रयोगासाठी छोट्या खोल्या बांधल्या गेल्या. रोगी उंदरांजवळ निरोगी प्राणी ठेवले. एकदा पिसवा असताना, एकदा नसताना. पिसवा नसताना रोगी प्राण्यांच्या सहवासात राहूनही निरोगी प्राण्यांना प्लेग झाला नाही. पिसवा असताना झाला. जमिनीवर मोकळे सोडलेले गिनीपिग आजारी पडले. त्याच खोलीत, त्याच हवेत, पण पिसवांची उडी पोहोचणार नाही इतक्या उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले. दूषित हवा हे कारण असते तर दोघांनाही रोग व्हायला हवा होता. वर्षानुवर्षे सर्वांच्या तोंडी असलेली गोष्ट एका टांगलेल्या पिंजऱ्यापुढे टिकली नाही.

या प्रयोगशाळेबद्दलही एक घासून गुळगुळीत झालेला प्रश्न विचारला जातो: प्लेगची लस कुठे शोधली गेली? ‘परळ’ हे त्याचे ठरलेले उत्तर. वाल्डेमार हाफकिन यांनी ती लस तयार केली भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये, आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ आली तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या कैद्यांची तुलना झाली. घेतलेल्यांमध्ये रोग आणि मृत्यू कमी आढळले. परळच्या गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात प्रयोगशाळा आली ती १८९९ मध्ये. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. प्रश्नमंजूषेत तारीख आणि जागा विचारली जाते. कैद्यांच्या दोन गटांची तुलना झाली होती, हे मात्र कोणी विचारत नाही. या लशीवर विश्वास ठेवण्याचे खरे कारण तर ती तुलनाच होती.

आपोआप बरे होण्याचे श्रेय

तुलना केली नाही तर काय होते, ते दादर स्थानकावर कधीही दिसू शकते. गर्दीत कोणाला तरी फिट येते. माणूस खाली पडतो, हातपाय झटकू लागतो. क्षणात कोणीतरी चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरतो. कोणी कांदा शोधतो, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. दोनेक मिनिटांत झटके थांबतात. भोवतालची पन्नास माणसे एक ‘अनुभवसिद्ध’ ज्ञान घेऊन घरी जातात: चप्पल हुंगवली आणि फिट गेली.

बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. चप्पल नसती तरी थांबलेच असते. मेंदूतल्या पेशींमध्ये एकाच वेळी उसळलेला विद्युत-कल्लोळ वासाने शमत नाही. चप्पल हुंगवण्याने होणारे नुकसान वेगळेच असते. त्या गडबडीत माणसाला कुशीवर वळवायचे राहून जाते आणि लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा घातला तर दात तुटतात, जबड्याला इजा होते. झटके किती वेळ चालले हे कोणी पाहत नाही. पाच मिनिटांवर गेलेला झटका ही तातडीची वैद्यकीय अवस्था असते आणि तिथे वाया गेलेले प्रत्येक मिनिट मेंदूला महाग पडते.

सर्पदंशाचेही तसेच. लालबाग-परळमधली हजारो कुटुंबे गणपतीला कोकणात जातात. ते दिवस पावसाचे, गवत वाढलेले, रात्री अंगणात वावरण्याचे. दंश झाला की जखमेच्या वर करकचून दोरी बांधणे, ब्लेडने चीर देणे, तोंडाने विष ओढणे हे सगळे आजही सुचवले जाते. अनेक दंश बिनविषारी सापांचे असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसे विष आत जातेच असे नाही. असा रुग्ण काहीही केले तरी वाचतो, आणि श्रेय दोरीला किंवा मांत्रिकाला मिळते. जो वाचत नाही त्याच्याबद्दल ‘उशीर झाला’ असे म्हटले जाते. म्हणून उपाय कधी खोटा ठरतच नाही.

प्रत्यक्षात घट्ट बांधल्याने हातापायाचा रक्तपुरवठा तुटून तो गमावण्याची वेळ येऊ शकते, चीर दिल्याने रक्तस्राव वाढतो आणि ओढल्याने विष बाहेर येत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर एकच लस चालते. घोड्यांना विषाच्या थोड्या-थोड्या मात्रा देऊन त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ती बनते. मण्यारीचा दंश रात्री झोपेत झाला तर दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. तेव्हा ‘काही झालेले नाही’ असे समजून सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मधल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला आहे. त्यातले बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातले होते, जिथे लस मिळेपर्यंतचा वेळ निर्णायक असतो.

पुढे पाठवण्याआधी

आरोग्याचे एखादे वाक्य फारच ओळखीचे वाटू लागले, की तीन प्रश्न विचारून पाहावेत. पहिला, हे कोणाला आणि कसे कळले? ‘सगळ्यांना माहीत आहे’ हे त्याचे उत्तर नव्हे. दुसरा, तुलना कोणाशी झाली? उपाय केलेल्यांबरोबर उपाय न केलेल्यांकडेही कोणी पाहिले का? तिसरा, काहीच केले नसते तर काय झाले असते? सर्दी, उचकी, पाठदुखीची कळ, फिटचा झटका हे सगळे बहुधा आपले आपण थांबते. त्या वेळी हाताशी जे असेल ते औषध ठरते.

या प्रश्नांनी सगळी ऐकीव माहिती बाद होत नाही. ‘उंदीर पडला’ हे निरीक्षण याच कसोटीवर टिकले. शिवाय अडचणीच्या क्षणी प्रश्न विचारायला वेळ नसतो. तेव्हा तेच आठवते जे सर्वाधिक वेळा कानावर पडले आहे. पुनरावृत्तीची ही ताकद योग्य माहितीच्या बाजूनेही वापरता येते. चाळीच्या फळ्यावर, मंडळाच्या मांडवात आणि घरच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरावीत अशी वाक्ये ही आहेत:

- फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा आणि घड्याळ पाहा. तोंड मोकळे ठेवा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, लागोपाठ दुसरा झटका आला किंवा शुद्ध आली नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.
- साप चावला तर माणसाला शांत व स्थिर ठेवा, अंगठ्या-बांगड्या काढा, दंश झालेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने हलू देऊ नका आणि लस उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयात थेट न्या. गावी जाण्याआधीच असे रुग्णालय कोणते, ते विचारून ठेवा.
- भाजले तर तो भाग लगेच २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, मग स्वच्छ कोरड्या कापडाने सैलसर झाका आणि डॉक्टरांना दाखवा. जखमेवर पाण्याशिवाय काही नको.
- पाणी तहानेप्रमाणे प्या; हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांनी सांगितले तेवढेच.
- रक्तक्षय असेल तर लोहाच्या गोळ्या सांगितल्या तितके महिने पूर्ण घ्या आणि हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घ्या.